चेअरमनसाहेबांचा नवा गिअरबॉक्स

दूध संघाचे चेअरमन हंबीरराव ढोणे बोलायला लागले की ऐकून घेणं एवढंच गावाच्या हाती उरे. त्यांच्या गाडीला गॅरेजवाल्या दस्तगीरमामांनी नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. पूजा झाली, हंबीररावांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला, आणि गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर पडली ती खर्र खर्र करतच.

चेअरमन चार संचालकांना घेऊन परत आले. "दस्तगीर, फिरवणाराच आवाज करतो. गाडी फिरवतो गिअरबॉक्स आणि तो बसवलास तू. संध्याकाळपर्यंत उघड, नाहीतर संघाच्या जागेतलं हे गॅरेज रिकामं कर."

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढचं डावं चाक जॅकवर उचललं आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, एवढं चाक जरा हातानं फिरवता का?"

इंजिन बंद होतं. हंबीररावांनी चाक फिरवलं. खर्र खर्र.

"या गाडीचा गिअरबॉक्स फक्त मागची चाकं फिरवतो, साहेब. हे चाक तुम्ही फिरवताय," मामा म्हणाले. "तुमच्याच हिशेबानं सांगा, आता कुणाला उघडू?"

संचालक एकदम छपराचे पत्रे न्याहाळू लागले. मामांनी चाक काढलं, ब्रेकच्या चकतीमागे पक्कड घातली आणि करवंटीचा एक टोकदार तुकडा बाहेर ओढला.

"नारळ कशावर फोडलात?"

"याच चाकावर," हंबीरराव पुटपुटले.

मामांनी तुकडा फडक्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "घ्या साहेब, प्रसाद राहिला होता तुमचा."