उडीच्या आदल्या दिवशी

“मग उद्या समुद्र कोण ओलांडणार?”

यमुनाक्का असं म्हणाल्या, की “कसा ओलांडणार?” असं, हे शर्वरीला आता खात्रीने सांगता येत नाही. पण सवाल समुद्राचाच होता, एवढं पक्कं.

दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. देवळात शर्वरीचं पहिलं कीर्तन. यमुनाक्का तिच्या गुरू, वय चौऱ्याहत्तर. आख्यानात मारुती लंकेकडे झेपावतो, तेव्हा कीर्तनकाराने जागच्या जागी उडी घ्यायची, ही आक्कांची रीत. गाव त्या उडीसाठीच जमायचं.

शर्वरीला सहावा महिना होता. वीतभर उडीला डॉक्टरीणबाईंची ना नव्हती. पण तालमीत तिने उडी घेतली आणि लघवी गळली. भर देवळात असं झालं तर? कीर्तन दुसऱ्या कुणाला द्या, हे सांगायला ती आली होती.

एम.एस्सी. झालेली पोर, पुराव्याशिवाय बोलायची नाही. तिने मोबाइल पुढे केला. गरोदरपणातल्या याच त्रासासाठीचं ॲप. ते दिवसातून तीनदा वाजतं, आतले स्नायू आवळायला लावतं, मग सोडायला लावतं. आपला एकही दिवस चुकलेला नाही. पण गुण यायला तीन महिने लागतात, आणि उत्सव उद्यावर...

आक्का एकदम सरसावून बसल्या.

“माझ्या फोनात घाल.”

“आक्का, हे गरोदर बायकांसाठी आहे. कितवा आठवडा ते विचारतं.”

“तुझा कितवा?”

“चोविसावा.”

“तोच लिही.”

ॲपने आक्कांचं अभिनंदन केलं. बाळ आता मक्याच्या कणसाएवढं झालंय, म्हणालं. आक्का पदर तोंडाला लावून हसल्या, आणि लगेच डोळे मिटून ताठ बसल्या.

फोन वाजला. आवळा... सोडा.

“तुम्हाला कशाला हे, आक्का?”

“चाळीस वर्षं उडी मारते. कोरडी एकदाही उतरले नाही.”

ती उडी बघूनच तर शर्वरी कीर्तनाकडे वळली होती. लहानपणी अगदी पुढे बसायची.

“आणि लोकांना... कधी कळलं नाही?”

“लोक लंकेकडे बघत असतात.”

दुसऱ्या दिवशी शर्वरीने आत कापडाची घडी घेतली आणि उडी मारली. देऊळ दणाणलं.

तरी एक शंका राहिलीच. आक्का धीर द्यायला खोटं तर बोलल्या नसतील?

लेक शाळेत जायला लागली, तेव्हा तिला पाया पडायला घेऊन शर्वरी आक्कांकडे गेली. बोलता बोलता आक्कांचा फोन वाजला. तोच आवाज. आक्का वाक्य अर्धं सोडून ताठ बसल्या, डोळे मिटले.

“आक्का... अजून?”

“थांब. ‘सोडा’ यायचंय.”