तानूबाईने न बोलता विकलेली हळद

पाच वर्षं झाली, राजे हैबतरावांची हळद मणाला बारा रुपयांच्या वर जायला तयार नव्हती. सहाव्या वर्षी राजेसाहेबांचं डोकं फिरलं. "हळदच नको. उपटा सगळी आणि त्या रानात हरभरा पेरा," असा हुकूम त्यांनी सोडला.

हरभऱ्याला फारशी माणसं लागत नाहीत. हळद शिजवायला, वाळवायला, घासायला मात्र चाळीस बाया लागत, आणि त्यांच्यावर देखरेख असे तानूबाईची. चाळीस चुली विझणार म्हटल्यावर ती तडक दरबारात गेली.

"सरकार, तिघा व्यापाऱ्यांनी संगनमत केलंय. पाळीपाळीनं घेत्यात. ज्याची पाळी तो बारा देतो, बाकीचे दोघं त्याच्या खाली ऱ्हात्यात. मग हीच हळद शेजारच्या पेठंत तिसाला विकत्यात."

"मग मी काय शेजारच्या राजाच्या दारात पोती घेऊन उभा राहू?" हैबतराव म्हणाले. ते हट्टाला पेटले की कारभारी खिडकीबाहेर बघू लागत. "इथेच विकायची, त्याच तिघांना. दमदाटी नाही, माझं नाव घ्यायचं नाही. आणि सौदा होईपर्यंत तू तोंडातून एक अक्षर काढायचं नाहीस. पाच वर्षं माझे कारभारी तोंड भरून बोलले, तेवढं पुरे. चोवीसचा भाव आण, हळद राहील. नाहीतर सोमवारपासून हरभरा."

"बरं," तानूबाई म्हणाली आणि तिथूनच गप्प झाली.

राजेसाहेबांच्या पेठेत सौदा रुमालाखाली होई. विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात आणि वर रुमाल. बोटं दाबून भाव सांगायचा, तो त्या दोघांनाच कळे. रुमाल उचलेपर्यंत कोणीही कितीदाही हात घालावा. ज्याचा आकडा मोठा, त्याची हळद.

यंदा पाळी झुंबरशेठची होती. त्याने आरामात बारा दाबले. तानूबाईचा चेहरा हलला नाही. मग बसाप्पाने ठरल्याप्रमाणे अकरा दाबले. तानूबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. शेवटी मल्लूशेठने दहा दाबले. तानूबाईने डोळ्यांना पदर लावला, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि हमालाला खूण करून तराजू थेट त्याच्या गाडीपाशी नेऊन लावायला सांगितला.

झुंबरशेठ उठून उभा राहिला. "मल्लूशेठ, किती दाबले?"

"दहा."

"दहाला गूळ मिळतो?"

"आईच्यान, दहाच!" मल्लूशेठ अगदी खरं बोलत होता. त्यामुळे ते कोणालाच पटलं नाही.

झुंबरशेठने पुन्हा हात घातला आणि चौदा दाबले. तानूबाईने सुस्कारा सोडला. बसाप्पाला वाटलं, हे दोघं मिळून आपल्याला बनवतायत. त्याने सतरा दाबले. मल्लूशेठची अब्रू तर गेलीच होती, निदान हळद तरी मिळावी म्हणून त्याने वीस दाबले. या खेपेला गूळ मिळाला नाही, तेव्हा तो पुरता घाबरला आणि बाविसावर गेला. ऊन कलेपर्यंत तिघं एकमेकांच्या कोपरांवरून हात घालत होते. झुंबरशेठने अठ्ठावीस दाबले, बाकीचे दोघं मागे सरले, तशी तानूबाईने रुमाल उचलून नीट घडी घातली.

दरबारात हैबतरावांनी भुवई चढवली. "आता बोल. खोट्या खुणा करून फसवलंस ना त्यांना?"

"खोटं कुठलं, सरकार? ज्यानं समद्यात कमी भाव दिला, त्याला गूळ दिला. म्हटलं, बिचाऱ्याचं औंदा लईच वाईट चाललेलं दिसतंय. मला तर रडूच आलं."

"आणि तराजू?"

"त्याच्या गाडीपाशी सावली हुती."

हैबतराव पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी हुकूम सोडला: चोवीसच्या वरचे मणामागचे चार रुपये चाळीस बायांना, आणि हरभऱ्याला जाणारं सगळं रान पुढच्या सालीही हळदीलाच.