बेडकांची ओळ

बाळांनो, शहराची शेवटची इमारत संपते आणि टेकडी सुरू होते, तिथल्या रानात एक म्हातारं कासव राहत असे. तिथलं तळं हेच त्याचं घर. तळ्याच्या पोटात खडकांच्या पुष्कळ फटी होत्या, आणि त्यांतल्या एकीत झरा होता. दर चैत्रात रानातले सगळे जमत आणि तळ्यातला गाळ काढत. गाळ काढताना गाणं म्हणत. त्या गाण्यातली एकेक ओळ एकेका कुळाकडे असे. मुंगूस वडाची ओळ म्हणे, कावळा काळ्या खडकाची, आणि झरा नेमका कोणत्या फटीत, ती ओळ बेडकांची. त्या अरुंद फटीत दुसरं मावणार तरी कोण? गंमत अशी, की सगळे आपापली ओळ एकदमच म्हणत. त्या गलक्यात दुसऱ्याची ओळ कुणाला धड ऐकू येत नसे. आणि ऐकून ठेवावी, असं कुणाला वाटलंही नाही.

पुढं टेकडीच्या पायथ्याशी नवी कॉलनी झाली. तिथला एक मोठा पाईप गळू लागला आणि बाराही महिने पाणी मिळू लागलं. कचराकुंडीपाशी पावही मिळे. चैत्र आला तसं कासव हळूहळू काठावर चढलं आणि वाट बघत बसलं. वरून कावळा चालला होता. कासव म्हणालं, "अरे, गाळ काढायचा ना?"

"आजोबा, कसला गाळ घेऊन बसलात! तुम्हीच चला की कॉलनीत."

"मी पोचेपर्यंत पुढचा चैत्र येईल, बाबा."

कावळा खो खो हसला. मुंगूस तर लांबूनच म्हणालं, "चिखलाचं अंग घेऊन गेलं की तिथली मांजरं हसतात हो मला!"

त्या वर्षी रस्त्यासाठी टेकडी खोदली होती. पावसात सगळा मुरूम वाहून तळ्यात आला. बेडूक बिचारे फट मोकळी करायचे, ती पुन्हा भरायची. एका चैत्राचे दोन झाले, तीन झाले. पाणी आटत गेलं, तेव्हा बेडकांनी दुसरीकडे जायचं ठरवलं. कासव तेव्हा उरल्या चिखलात खोल निजलेलं होतं. म्हणून जाता जाता ते कॉलनीपाशी थांबले आणि कावळ्याला म्हणाले, "दादा, आम्ही निघालो. आमची ओळ तेवढी ऐकून ठेव. आजोबांच्या कामी येईल."

कावळा पाव भिजवत होता. म्हणाला, "उद्या सांगा रे. आत्ता पाव भिजलाय, वाहून जाईल."

दुसऱ्या दिवशी बेडूक तिथं नव्हते. कावळ्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेला पाव खाल्ला.

मग एक दिवस माणसं आली, त्यांनी पाईप नीट केला. पाणी बंद झालं. सगळे धावत तळ्यावर आले, तर तळं कुठलं, नुसता भेगाळलेला चिखल! मधल्या ओल्या खळग्यात कासव बसलेलं. सगळे खोदायला लागले. मुंगसानं वडाची ओळ म्हटली, कावळ्यानं काळ्या खडकाची म्हटली. आणि गाणं थांबलं. ही फट उकर, ती उकर, सगळीकडे कोरडा मुरूम. कासवानं विचारलं, "बेडकांची ओळ कुणाला येते का रे?"

कावळा खाली मान घालून म्हणाला, "सांगायला आले होते, आजोबा. मीच उद्या म्हटलं."

कासव रागावलं नाही. रागावलं असतं तर कावळ्याला बरं वाटलं असतं. त्यानं मान आत घेतली आणि ओलीच्या मागं मागं चिखलात आणखी खाली गेलं. ते पुन्हा वर आलेलं कुणी पाहिलं नाही.

त्या जागी आता सपाट मैदान आहे, पोरं तिथं खेळतात. पण चैत्रात एक कावळा मैदानाच्या कडेला उरलेल्या त्या काळ्या खडकावर येऊन बसतो. आपली ओळ म्हणतो, आणि पुढची ऐकू येईल म्हणून मान वाकडी करून थांबतो.

तात्पर्य : गावाचं पाणी आणि गावाचं गाणं दोन्ही मिळून जपावं लागतं, आणि गाणं ज्याच्याजवळ आहे तो जवळ असतानाच ऐकून घ्यावं लागतं.