गोशाळेतला तंबोरा

एकदा एका नदीकाठच्या आश्रमात असा पेच उभा राहिला, की त्याचा निर्णय देण्यासाठी नेमका निर्णय देताच न येणारा माणूस निवडला गेला.

हा आश्रम नादाच्या उपासनेसाठी प्रसिद्ध होता. संस्थापकांच्या पुण्यतिथीला तिथे दिवसभर नादसेवा चाले. सभामंडपात एकामागून एक गायक-वादक येत, समाधीसमोर बसत आणि आपली सेवा रुजू करत. त्या दिवशी कोणाला बसवायचे हे आश्रमाचे वृद्ध आचार्य ठरवत, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

आचार्यांचा एक शिष्य होता. शिष्य म्हणायचे खरे, पण त्याचेही केस पांढरे झाले होते. नादशास्त्रावर त्याने मोठमोठे प्रबंध लिहिले होते आणि दूरदूरचे विद्वान त्याला शंका विचारत. त्याच्या स्वतःच्या शंका मात्र कधीच फिटल्या नव्हत्या. गायला बसला की तो आधी तंबोरा लावायला घेई. खुंटी पिळे, मणी सरकवी, तारांखालचा जवारीचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करी, कान भोपळ्याला लावी आणि मान हलवून पुन्हा खुंटीकडे हात नेई. समोरची मंडळी चुळबुळ करू लागत. "पंडितजींचा तंबोरा लागेपर्यंत जेवून येऊ," असे आश्रमातले लोक म्हणत, आणि खरोखरच जेवून येत. बरेचदा तंबोरा लागल्यावर तो म्हणे, "आज आवाज ठीक नाही," आणि उठून जाई. अशा रीतीने पुष्कळ वर्षे तो गायलाच नव्हता.

त्या वर्षी नादसेवेसाठी दोन तरुण चुलत भावंडांनी विनंती केली. भाऊ यशोधन आणि बहीण मृदुला. दोघे शहरात शिकून आले होते, आणि आश्रमाच्या मागे गाई नव्या गोठ्यात गेल्यावर रिकाम्या पडलेल्या दगडी गोशाळेत सराव करत असत. यशोधनकडे जाड तारांची बेस गिटार होती आणि तिचा आवाज कपाटाएवढ्या दोन स्पीकरांतून बाहेर पडे. मृदुला ड्रम वाजवी. तिसरे कोणी नव्हते. ते जे वाजवत ते इतके संथ, इतके खर्जातले आणि इतके जड असे, की जवळच्या ओसरीवर वाळत घातलेले पापड ताटात थरथरत.

आश्रमाचा कारभार पाहणारा एक व्यापारी होता. मनाने वाईट नव्हता, पण आश्रमाच्या नावाला जपणारा होता. तो तावातावाने आचार्यांकडे आला.

"गुरुजी, हे काय चाललंय? परदेशात गांजा ओढणारे लोक असलं वाजवतात म्हणे. एकच एक ओळ, तासभर! ओढून पडलेल्या माणसाला बरी वाटत असेल. समाधीसमोर हे? आणि मुलीचं नाव मृदुला! ऐकलंत ना, कसली मृदुला ती!"

आचार्य हसले. दोघे तरुण तिथेच उभे होते. आचार्यांनी सरळ विचारले, "काय रे, ओढता का तुम्ही?"

"नाही बाबा," मृदुला म्हणाली. "मला उदबत्तीनंसुद्धा शिंका येतात."

"ते काही असो," व्यापारी म्हणाला. "सेवा नाकारली तर गोशाळाही रिकामी करायला लागेल. आश्रमाला जे मान्य नाही, ते आश्रमाच्या आवारात कशाला?"

यशोधनचा चेहरा उतरला. एवढा आवाज सहन करील अशी दुसरी जागा त्या पंचक्रोशीत नव्हती.

आचार्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि कोपऱ्यात बसलेल्या शिष्याकडे पाहिले.

"या विषयातलं शास्त्र याला सगळ्यांत जास्त कळतं. हा ऐकेल आणि सांगेल. उद्या संध्याकाळच्या आरतीआधी. याचा शब्द तोच माझा शब्द."

शिष्य चटकन उठून उभा राहिला. "गुरुजी, मी? आपण एकदा ऐकलंत तर..."

"मी ऐकतोच आहे रोज. माझी कवळी वाजते त्यांच्याबरोबर," आचार्य म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य गोशाळेत गेला. दाराशी त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. मृदुलाने त्याला चहाचा कप दिला आणि ती ड्रममागे जाऊन बसली.

यशोधनने पहिली तार छेडली आणि शिष्याच्या छातीतले काहीतरी हलले. आवाज कानांवाटे आलाच नाही. तो फरशीतून, खुर्चीच्या पायांतून, गुडघ्यांतून वर चढत आला. चार-पाच स्वरांचा एक तुकडा होता. तो संपला आणि पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला, पुन्हा सुरू झाला. मृदुलाचे हात सावकाश वर जात आणि दगड खाली ठेवावा तसे पडत. मग यशोधन गाऊ लागला. गाऊ लागला असे तरी कसे म्हणावे? एकाच सुरावर तो डोंगर, नदी, पैलतीर असे शब्द उच्चारत होता, यज्ञात मंत्र म्हणतात तसे, चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता.

शिष्याने सवयीने सम शोधायला सुरुवात केली. सापडली असे वाटले, तोच हातून निसटली. त्याने राग शोधला. दोन रागांची चाहूल लागली, पण दोन्ही खरे वाटेनात. आता काहीतरी बदलेल म्हणून तो वाट पाहू लागला. काही बदलले नाही. मग त्याने वाट पाहणेही सोडले असावे, कारण पुढचे त्याला नीट आठवेना. वादन थांबले तेव्हा हातातल्या चहावर साय धरली होती आणि त्याचे गाल ओले होते.

तो दचकला. रडायला काय झाले होते? दुःख तर नव्हते. आनंद म्हणावा तर तसेही नव्हते.

"कसं वाटलं, काका?" यशोधनने विचारले.

"विचार करावा लागेल," शिष्य म्हणाला.

मृदुलाने काठ्या खाली ठेवल्या. "काका, रागावू नका. हो म्हणा, आम्ही वाजवू. नाही म्हणा, सामान बांधू. पण 'विचार करतो' म्हणू नका. तुमचा विचार पूर्ण झालेला आश्रमात कोणी पाहिलेला नाही."

"मृदे!" भाऊ ओरडला.

"खरं तेच बोलली ती," शिष्य खिन्नपणे म्हणाला आणि बाहेर पडला.

दुपारभर तो नदीकाठी येरझाऱ्या घालत राहिला. हे नादब्रह्म म्हणावे, तर शास्त्रात याला जागा नाही. कोलाहल म्हणावा, तर गाल ओले का झाले? आणि अश्रूंवर तरी किती विश्वास ठेवायचा? भांग प्यायलेला माणूसही रडतो. व्यापारी म्हणतो ती गुंगी हीच असेल तर? होकार दिला आणि तो चुकला, तर समाधीची विटंबना आपल्या हातून होईल. नकार दिला आणि तो चुकला, तर दोन निरागस मुले आपल्यामुळे देशोधडीला लागतील. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या होत्या, आणि जितके तोलावे तितक्या त्या अधिक सारख्या होत होत्या.

ऊन कलले तसा तो आचार्यांच्या खोलीत गेला आणि दारातच म्हणाला, "गुरुजी, मला यातून मोकळं करा. गुंगी आणि तल्लीनता यांत फरक काय, हे माझ्या एवढ्या ग्रंथांत कुठेही नाही. असेल तर मला सापडत नाही. मला काहीच कळत नाहीये."

आचार्य उठले. "तुझा तंबोरा घे," ते म्हणाले. "गोशाळेत जाऊ."

"तंबोरा? तिथे?"

"घे तर खरं."

गोशाळेत व्यापारी आधीच येऊन उभा होता. निर्णय ऐकायचा म्हणून तो कामे टाकून आला होता. आचार्यांनी शिष्याला दोन स्पीकरांच्या मधोमध सतरंजीवर बसायला सांगितले.

"हे दोघं वाजवतील. तू तंबोरा छेडत राहा. ते थांबले तरी मी सांगेपर्यंत तू थांबायचं नाही."

"पण गुरुजी, या आवाजात तंबोरा ऐकू कसा येणार?"

"नाहीच येणार."

"मग कोणासाठी वाजवायचा?"

"गुरुजी, थट्टा करताय का पंडितजींची?" व्यापाऱ्यालाही राहवले नाही.

शिष्याने खुंटीला हात घातला, तेवढ्यात आचार्य म्हणाले, "लावायचा नाही. आहे तसा."

शिष्याचा चेहरा अपमानाने लाल झाला. तरी गुरूची आज्ञा होती. त्याने तंबोरा उभा धरला आणि मधले बोट पंचमाच्या तारेवर ठेवले. आचार्यांनी यशोधनला खूण केली.

गोशाळेच्या भिंती हलल्यासारख्या झाल्या. शिष्य तारा छेडत होता आणि त्यांचा किंचितही ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पंचम, जोड, खर्ज. बोटे फिरत होती एवढेच त्याला कळत होते. त्याने सवयीने कान भोपळ्याकडे वाकवला. काही नाही. पुन्हा वाकवला. काहीच नाही. तंबोरा लागला आहे की उतरला आहे, वाजतो तरी आहे की नाही, हे जाणून घेण्याचा कोणताच उपाय उरला नाही. आधी त्याला गुदमरल्यासारखे झाले. उठून पळावेसे वाटले. मृदुलाचे हात वर जात होते आणि पडत होते, तोच तुकडा पुन्हा येत होता, पुन्हा येत होता, आणि हळूहळू त्याची वाकलेली मान सरळ झाली आणि डोळे मिटले. हे केव्हा झाले ते त्याला कळले नाही. बोटे फिरत राहिली.

मग आचार्यांनी हात वर केला आणि दोघे एकदम थांबले.

त्या अचानक उघड्या पडलेल्या शांततेत एक बारीक आवाज चालूच राहिला. शिष्याच्या मांडीवरचा तंबोरा होता तो. आणि त्याचा पंचम चांगलाच उतरलेला होता. एवढ्या हादऱ्यांनी खुंटी कधीच सैल झाली होती. व्यापाऱ्यालाही ते जाणवले. त्याने कान टवकारले. शिष्याने तर पहिल्याच झंकाराला डोळे उघडले. त्याचा डावा हात आपोआप खुंटीपर्यंत गेला.

आचार्य त्याच्याकडे पाहत होते. "थांब" असे ते अजून म्हणाले नव्हते.

हात खुंटीवर तसाच राहिला. मग तो खाली आला. बेसूर पंचमासकट, गुरू, व्यापारी आणि दोन मुले यांच्यासमोर, त्या विद्वानाने तंबोरा छेडणे चालू ठेवले. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"पुरे," आचार्य म्हणाले. ते त्याच्यासमोर सतरंजीवर बसले.

"पंचम उतरला होता," शिष्य पुटपुटला.

"उतरला होता. केव्हा उतरला?"

"माहीत नाही. ते थांबल्यावर कळलं."

"आणि तोवर?"

"तोवर... वाजवत होतो."

आचार्य म्हणाले, "तू मला फरक विचारलास ना? मला जेवढा कळतो तेवढा सांगतो; पूर्ण मलाही कळत नाही. गुंगी आली असती तर तुझी बोटं गळून पडली असती, तंबोरा आडवा झाला असता. तू इतका हरवलास की सूर उतरलेला कळला नाही, पण हातातलं काम सुटलं नाही. आणि जाग आल्यावर कान पूर्वीइतकाच तीक्ष्ण होता. आयुष्यभर तू स्वतःच्या दाराशी पहारेकरी बसवून ठेवलास. तो इतका दक्ष, की त्यानं तुलाच आत जाऊ दिलं नाही. या पोरांचा आवाज मोठा आहे. त्यात तुझ्या पहारेकऱ्याला काही ऐकू येईना, म्हणून तो घटकाभर झोपला. मी यासाठी तीस वर्षं तुला समजावत होतो. मला एवढा मोठा स्पीकर मिळाला नव्हता, इतकंच."

मृदुलाला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला.

व्यापारी मात्र घसा खाकरून पुढे आला. "ते सगळं ठीक, गुरुजी. पण आरतीची वेळ झाली. पंडितजी, सांगा आता. हे अध्यात्म आहे की नाही?"

शिष्याने त्याच्याकडे पाहिले, मग दोन्ही भावंडांकडे. यशोधनने गिटारचा पट्टा घट्ट धरला होता. शिष्याच्या मनात तीच दोन पारडी अजून होती. ती तशीच सारखी होती. दुपारपेक्षा त्याला अधिक काही कळले होते असेही नव्हते.

"ते मला सांगता येणार नाही, शेटजी," तो म्हणाला. "कदाचित कधीच येणार नाही. पण पुण्यतिथीला हे दोघं समाधीसमोर वाजवतील. चुकलं तर ती माझी चूक म्हणा."

"आणि गोशाळा?"

"गोशाळा त्यांचीच. मलाही तिथे यावं लागेल सरावाला. मी त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसणार आहे."

"काका, पण तो ऐकू येणार नाही कोणाला!" यशोधन म्हणाला.

"ठाऊक आहे मला," शिष्य म्हणाला.

व्यापाऱ्याने हात जोडले आणि तो आरतीची तयारी पाहायला निघून गेला. घंटा वाजू लागली. आचार्य भिंतीचा आधार घेत उठले आणि जाता जाता म्हणाले, "आता लाव हवा तर."

शिष्याने खुंटी पिळली, एकदा तार छेडली, मणी थोडा सरकवला. पंचम किंचित कमीच राहिला असावा, असे त्याला वाटले. नक्की सांगता येईना. त्याने तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि तो आरतीला गेला.