अनसाक्काचा डावा गाल

फार वर्षांपूर्वी, वेदगंगेवर पूल नव्हता आणि सिनेमाला वाचा फुटली नव्हती, तेव्हा आपल्या बोरतळ्यात कोंडाबाईची एकुलती एक लेक होती, अनसूया, म्हणजे आपली अनसाक्का. एकदा सिनेमाची कंपनी नदीकाठी चित्रं घ्यायला आली. कंपनीची नायिका पाण्याला भ्याली, आणि त्याच वेळी ही पोर भर पुरातून म्हशीच्या पाठीवर बसून आली, तीही गाणं म्हणत. मालकांनी तिथल्या तिथं तिला कामाला बोलावलं.

गावानं नाकं मुरडली. कोंडाबाईनं मात्र लेकीच्या डाव्या गालावर तुळस गोंदवून घेतली. म्हणाली, "तोंडाला काय बी रंग फास, पर ही झाकू नगंस. हिच्यावरनं मी तुला वळखीन."

अनसूया राणी झाली, जोगीण झाली, देवी झाली, पण तुळशीवर पावडर लावू दिली नाही. "राणीच्या गालावर गोंदण?" म्हणून मालक तणतणले, तर ही मुकुट काढून चालू लागली. झक मारत मालक नमले. मोठ्या शहरांतल्या बायकासुद्धा गालावर काजळानं तुळस काढायच्या, असं म्हणतात.

मग एका जत्रेत तिचा सिनेमा गावी आला. तंबूत मधोमध ओलं कापड ताणलेलं. पुढं पुरुष, मागं बायका. कापडातून मागंही चित्र दिसे, पण उलटं, डाव्याचं उजवं होऊन. एकही बाई कधी पुढं बसली नव्हती, मग हे कळणार कुणाला?

कोंडाबाईनं पाहिलं, तुळस उजव्या गालावर! "ही माझी अनशी न्हवं. माझी लेक कुटं घालवली ह्यांनी?" पाच दिवस ती माउली रोज जाऊन निरखत होती, रोज रडत होती. जत्रा उठली की लेकीच्या नावानं नदीत पाणी सोडायचं, असं तिनं ठरवलं.

शेवटच्या दिवशी अनसाक्का स्वतः आली. आईला शोधत तंबूत मागं शिरली, उलटी राणी पाहिली, रडणारी आई पाहिली आणि सगळं समजली. आईचा हात धरून ती पुढं आली.

"बायकांनी फुडं यायचं न्हाई!" पुरुष ओरडले.

"मग मी बी दिसनार न्हाई," अनसाक्का म्हणाली. तिनं हात वर केला आणि कापडावरची राणी सिंहासनावरून उठून चालती झाली, असं म्हणतात. यंत्रवाला हँडल फिरवून घामाघूम झाला, पण कापड पांढरंफटक. शेवटी पुरुष निमूट मागं गेले आणि बायका पुढं येऊन बसल्या. तेव्हा राणी परतली, डाव्या गालावर तुळस घेऊन. कोंडाबाईनं आधी कापडाला हात लावला, मग लेकीच्या गालाला. "हितं बी हाय, तितं बी हाय," म्हणाली आणि पोटभर रडली.

आजही जत्रेत पडदा लागतो, आणि पहिला सिनेमा पुरुष पडद्यामागून बघतात. नायक डाव्या हातानं तलवार चालवतो, कुणी कुरकुरत नाही. गावची पोर शिकायला, नोकरीला निघाली की एस.टी.त चढण्याआधी तिची आई तिच्या डाव्या गालावर काजळाची तुळस काढते आणि म्हणते, "जा. मी वळखीन."