मिशा झिजलेले मासे

एका बाजारपेठेच्या गावात रंगनाथशेठ नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांनी ‘वा’ म्हटल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. मुलासाठी स्थळं येऊ लागली, तेव्हा दिवाणखाना उठून दिसावा म्हणून त्यांनी काचेची मोठी टाकी आणली आणि मासे पाळले.

त्यांत बोटाएवढे काही मिशीवाले मासेही होते. हे मासे तळाशीच राहतात आणि मिशांनी तळ चाचपून आपलं खाणं शोधतात. दुकानदाराने बजावलं होतं, “शेठ, यांच्याखाली बारीक, मऊ वाळूच घाला.” शेठना ते काही पटलं नाही. वाळू काय, नदीवरही असते, ती बघायला घरी कोण येणार? त्यांनी तळाला निळ्या काचेचे लखलखीत खडे पसरले.

खड्यांना धार होती. खाण्याचे दाणे त्यांच्या फटींत जायचे आणि बिचारे मासे तोंड खुपसून खुपसून थकायचे. हळूहळू त्यांच्या मिशा झिजल्या. एक मासा उपाशी मेला. बाकीचे कोपऱ्यात पडून राहू लागले.

शेठच्या पत्नी सगुणाबाई यांच्या हे लक्षात आलं. “अहो, ते खडे आजच काढा. मरतील हो सगळे.”

“परवा मुलीकडचे घर बघायला येताहेत,” शेठ म्हणाले. “ते जाऊ देत, मग काढू. दोन दिवसांनी काय बिघडतंय?”

पाहुणे आले. फराळ झाला, चहा झाला. मुलीचे वडील मुकुंदराव उठून टाकीपाशी उभे राहिले. शेठ मनातून सुखावले. पण मुकुंदराव बघत होते ते कोपऱ्यातल्या माशांकडे.

“यांना काय झालंय?”

शेठनी विषय बदलून पाहिला. सगुणाबाईंना मात्र खोटं बोलवेना. “मिशा होत्या त्यांना. काचेवर घासून गेल्या.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” सगुणाबाई म्हणाल्या. “खडे काढणारच होतो. तुम्ही येऊन जाईपर्यंत थांबलो.”

निघताना मुकुंदरावांनी हात जोडले. “शेठ, राग मानू नका. तुमच्या घरात कशाची कमी नाही. पण उद्या माझ्या मुलीला इथे काही टोचलं, तर तिनंही पाहुणे जाईपर्यंत थांबायचं का?”

त्याच संध्याकाळी शेठनी बाह्या सरसावून सगळे खडे काढले आणि स्वच्छ धुतलेली वाळू पसरली. मासे तिच्यात तोंड घालून खाऊ लागले. पुढे काहींना मिशाही फुटल्या. स्थळ मात्र हातचं गेलं ते गेलंच.

तात्पर्य: आपल्या आसऱ्याला असलेल्या जिवाचं दुःख कळलं, की ते आजच दूर करावं. देखाव्यापायी ते उद्यावर ढकलणाऱ्या घरात कुणी आपलं माणूस विश्वासाने देत नाही.