बिनपानाची येसू

खांबडवाडीच्या देवराईत श्रावणात कुजक्या पाल्यातून पांढरीफटक फुलं वर येतात. देठ पांढरा, कळी पांढरी, हिरवं काहीच नाही, आणि पान तर एकही नाही. वाकून एकाला बोट लावणार, तोच गावाचे प्रमुख तात्या गावकार ओरडले, "गो बाय, हात मागे घे! ती जेवतासा!"

मी दचकून मागे पडलेच. जेवतेय? कोण?

"येसू," तात्या म्हणाले, आणि सांगू लागले.

फार जुन्या दुष्काळातली गोष्ट, असं सांगतात. पाऊस फिरकलाच नाही, कणग्या रित्या झाल्या. उरलेले तांदूळ एकत्र शिजवून सगळ्या गावानं राईत देवीपुढे जेवायचं ठरलं. पंगत बसली आणि कुठून तरी येसू आली. परगावची, एकटी, दिवस भरत आलेली. पंगतीच्या टोकाला बसली. तेव्हाचा गावकार, म्हणजे तात्यांचाच पूर्वज, वाढप्याला म्हणाला, "हिला पान मांडू नको."

"पान नको, मातीवर वाढा," येसू म्हणाली. "पोटात पोर आहे."

"मग मातीकडेच माग!"

पंगत हसली म्हणे. येसूनं दोन्ही तळवे जमिनीला टेकले, कपाळ टेकलं, आणि मागितलं.

पहिला घास कुणाच्या तोंडापर्यंत पोचलाच नाही. वाफाळत्या भातावर बघता बघता पांढरी बुरशी चढली. तिचे तंतू पानांवरून उतरले, मातीत शिरले, आणि सगळे तिच्याच दिशेनं गेले. लोक किंचाळत उठले. येसू होती तिथे येसू नव्हती. एक पांढरा देठ उभा होता, वर फूल, आणि त्याला बिलगून एक कळी.

हे ऑर्किड उन्हावर जगत नाही, मातीतल्या बुरशीकडून पोट भरतं, हे मी कॉलेजात शिकले आहे. परीक्षेत लिहिलंही होतं. तरी मी पुन्हा त्याला बोट लावलं नाही.

दुपारी राईतच गावजेवण होतं. सगळ्यांपुढे केळीची पानं. तात्यांपुढे मात्र नुसती माती, आणि तिच्यावर भात. मी बघतच राहिले. कुणी जेवेना. सगळे माझ्याकडे बघत होते. माझं काही चुकलं का?

"बाय," तात्यांनी विचारलं, "पान मिळालं?"

मी पुढ्यातल्या पानाकडे पाहिलं. म्हणाले, "मिळालं."

तेव्हा कुठे तात्यांनी मातीसकट पहिला घास उचलला.

आजही खांबडवाडीत परक्याच्या तोंडून तो शब्द आल्याशिवाय पंगत घास घेत नाही. आणि गावकाराला पान नाही.